कावेरीचं पोतं

‘‘आई, या गादीवर कुणी मेलंय का हो?’’

कावेरीनं हे इतक्या शांतपणे विचारलं की मीही तितक्याच शांतपणे सांगितलं, ‘‘नाही गं. शिंगट्यांचे आजोबा झोपायचे हिच्यावर. पण ते गेले दवाखान्यात.’’

‘‘मग हरकत नाही,’’ ती म्हणाली आणि गुंडाळलेल्या गादीचं एक टोक धरून ओढायला लागली. गादीतून एक पाल निघून माझ्या चपलेवरून पळाली. मी किंचाळले. कावेरी म्हणाली, ‘‘सॉरी आई.’’ जशी काही पाल तिच्या माहेरून आली होती.

माझी सून तेव्हा घरात येऊन पाचेक महिने झाले असतील. माझा विक्रांत चाकणला कंपनीत, आठवड्याच्या सुट्टीला यायचा. कावेरीला आमच्या तालुक्याच्या गावात एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून कंत्राटावर काम मिळालं होतं, म्हणून ती आमच्याजवळ राहायची. लग्नानंतर ती घरात आली ती एक लांबडी काळी पेटी घेऊन. सोसायटीतल्या बायकांना आधी वाटलं सतार असेल. मग कळलं की धनुष्य आहे. तेव्हापासून जो भेटेल तो तिला विचारायचा, ‘‘काय, पोपटाचा डोळा दिसतो का?’’ आणि स्वतःच हसायचा. कावेरी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

तशीच ती माझ्याशीही वागायची. पाच महिन्यांत आमच्यात एक शब्द वरखाली झाला नव्हता. मी म्हणायचे, ‘‘तू बस, मी करते.’’ ती म्हणायची, ‘‘तुम्ही बसा, मी करते.’’ शेवटी दोघी उभ्याच राहायचो. लोक म्हणायचे, काय गोडवा आहे! गोडवा कसला, एकाच घरात दोन पाहुण्या राहत होत्या.

तर गादी. झालं होतं असं, की राज्याच्या संघासाठी निवड चाचणी महिन्यावर आली होती आणि नेमकं गावातलं खेळाचं मैदान बंद झालं. का, तर तिथं क्रीडा महोत्सव भरायचा होता. मांडव, कमानी, पाहुण्यांच्या खुर्च्या. कावेरी विचारायला गेली, तर तिथला माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, समजून घ्या. खेळाडूंमुळं मैदान खराब होतं.’’ शाळेला मैदानच नव्हतं. पावसाळ्यात तर ती खेळाचा तास जिन्यावर घ्यायची, मुलं नुसती वरखाली पळायची.

घरी सराव करायचा म्हटलं तर बाण अडवायला काहीतरी हवं. नवं टार्गेट आणायचं तर तिचा पगार पुरला नसता, आणि आमच्याकडं मागायचं तर ती पाहुणी. तेव्हा एक दिवस दुपारी तिनं मला विचारलं, ‘‘आई, खाली पार्किंगमध्ये जे सामान आहे ते कुणाचं आहे?’’

‘‘कुणाचंच नाही,’’ मी म्हणाले. आणि त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

आमच्या ‘सह्यकिरण’ सोसायटीत गाड्या रस्त्यावर उन्हात आणि अडगळ सावलीत, अशी पहिल्यापासूनची व्यवस्था. पार्किंगमध्ये काय नव्हतं? शिंगट्यांची गादी होती. निकमसरांची खोकी होती, टीव्हीची, फ्रिजची, कसलीकसली. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन सरांना कितीतरी वर्षं झाली होती, पण बदली झाली तर सामान बांधायला लागतील म्हणून ती खोकी अजून जपलेली. चेअरमन बाबरसाहेबांचा एक पाय मोडलेला सोफा होता. शिवाय कुणाकुणाच्या जुन्या कपड्यांची गाठोडी, पडदे, दारं, एक देव नसलेला देव्हारा. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी. दर दिवाळीला स्वतःच्या हातानं सूचना लिहून लावायचे, ‘सभासदांनी आपापले सामान हलवावे.’ लोक थांबून वाचायचे, अक्षर फार सुरेख आहे म्हणायचे, आणि जाताजाता एखादा फुटका पाट तिथंच टेकवून जायचे.

इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीपलीकडं, एक लांबट बोळ आहे. शेवटाला आमच्या कंपाउंडची भिंत, आणि तिच्यामागं गुळाच्या गोदामाची उंच, बिनखिडक्यांची भिंत. तिथं मांजराशिवाय कुणी फिरकत नाही. कावेरीनं बोळाच्या तोंडाशी दोरी बांधली आणि म्हणाली, ‘‘आई, तुम्ही इथं खुर्ची टाकून बसाल का? कुणी आलं तर फक्त हात वर करा. तुमचा हात वर असेल तर मी धनुष्याला हात लावणार नाही.’’

आयुष्यात मी हात वर केल्यावर कुणी थांबलंय, असं आधी झालं नव्हतं. मी बसले.

गादी भिंतीशी टांगली. कावेरी जवळूनच उभी राहिली, दोरी ओढली, तिचा चेहरा एकदम निराळा झाला. जरा रागीट म्हणा, पण छान. बाण सुटला आणि गादीतून असा पार गेला जसा माणूस यांच्या सूचनेसमोरून जातो. मागच्या भिंतीवर खट् झालं. तिनं वाकलेला बाण उचलून आणला, बोटांवर फिरवून बघितला.

‘‘चुकलं माझं,’’ ती म्हणाली.

‘‘तुझं कसलं चुकलं? कापूस सैल आहे तो,’’ मी म्हणाले. ‘‘घट्ट पाहिजे. माझी आई वाकळ शिवायची, तिच्यातून सुई काढताना बोटं फुटायची. तसं ठासून भरलेलं पाहिजे काहीतरी.’’

कावेरी माझ्याकडं बघतच राहिली. ‘‘पोत्यात जुने कपडे ठासून भरले तर?’’

‘‘भावाकडून खताची पोती मागवते,’’ मी म्हणाले.

त्यानंतरच्या दुपारी मी जन्मात विसरायची नाही. गाठोडी सोडायची, कपडे झटकायचे, आणि एकेका कपड्याची बटणं, हुक, पँटच्या चेनी कापून काढायच्या. धातूवर बसला तर बाण कामातून जातो, असं कावेरी म्हणायची. मग पोत्यात थर घालायचा आणि वरून मुसळानं ठेचायचं. मी ठेचायची, ती पोत्याचं तोंड धरायची. आहेरात आलेल्या, कुणीच न नेसलेल्या चारदोन साड्या माझ्या कपाटात पडून होत्या, त्याही घातल्या. निकमसरांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून, एकावर एक दाबून दोन्ही बाजूंना बांधले. मागं सोफ्याचा फोम, त्याच्याही मागं दुहेरी घडी करून शिंगटे आजोबांची गादी. सगळं मिळून असं दिसत होतं की एखादा लठ्ठ माणूस भिंतीला टेकून झोपलाय.

पहिला बाण बसला तो थप् असा आवाज करून. आत रुतला, आणि कावेरीनं दोन बोटांनी अलगद काढला. तो आवाज मला फार आवडला. मी खुर्चीवर बसून हुक काढत ऐकत राहायची. थप्. थप्. बोलणं फारसं नव्हतंच, पण घरातल्या शांततेपेक्षा ती शांतता बरी होती.

आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही. मग एक दिवस निकमसर टाकीतलं पाणी बघायला मागं आले. मी हात वर केला. कावेरी थांबली. सर चष्मा सावरत पोत्यापाशी गेले आणि पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘हा आमचा फ्रिज!’’

‘‘फ्रिज नाही सर, खोकं,’’ मी म्हणाले.

‘‘ते मी जपून ठेवलं होतं!’’

‘‘उंदरांनी अर्धं खाल्लं होतं, काका,’’ कावेरी नम्रपणे म्हणाली.

‘‘अर्धं होतं ना पण?’’ असं म्हणून सर तरातरा निघून गेले.

दिवे लागायच्या आत सगळ्या मजल्यांवर बातमी गेली. ज्या सामानाकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचे मालक पावसाळ्यात गांडुळं वर यावीत तसे वर आले. रविवारी सकाळी खास सभा बोलावली. विषय होता, ‘सोसायटीच्या आवारात शस्त्रांचा वापर व इतर’. जे काही होतं ते ‘इतर’मध्येच होतं.

सभा पार्किंगमध्ये भरली. थोडी जागा मोकळी झाली होती म्हणूनच भरू शकली, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागं सतरंजीवर. विक्रांतला जादा पाळी होती. कावेरी एका बाजूला उभी, हात मागं बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

चेअरमन बाबरसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं कालव्याच्या पाण्याच्या आवर्तनासारखं, एकदा सुटलं की शेवटच्या चारीपर्यंत पोचल्याशिवाय बंद व्हायचं नाही.

‘‘खेळाला आमचा विरोध नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण उद्या एखादा बाण कुणाला लागला तर?’’

‘‘बाण भिंतीकडं जातो, काका. त्या बाजूला कुणी नसतं. आणि आई राखणीला बसल्याशिवाय मी मारत नाही.’’

‘‘पण टार्गेट चुकलं तर?’’

‘‘मागं भिंत आहे. तिच्यामागं गोदामाची भिंत आहे.’’

‘‘आणि भिंत पडली तर?’’

बाबरसाहेबांना वाटलं, जिंकलो.

निकमसर उठले. म्हणाले, आपल्या संस्कृतीत धनुर्विद्येला फार मोठं स्थान आहे, पण ती विद्या वनात शिकत, पार्किंगमध्ये नव्हे. शिवाय न विचारता घेतलेल्या वस्तूवर केलेली साधना फळत नाही. टाळ्या पडल्या.

मग शिंगटेवहिनी पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, ‘‘शालनताई, मला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण मामंजींची गादी हो ती! त्यांची शेवटची आठवण. तिच्यात बाण मारले तुमच्या सुनेनं. आमच्या भावना दुखावल्या.’’

‘‘आमचा सोफाही लग्नातला आहे,’’ बाबरसाहेब म्हणाले. ‘‘अस्सल सागवानी.’’

त्या सोफ्याला वाळवी लागून तो भाकरीच्या चुऱ्यासारखा झाला होता, पण सभेत सागवानीच ठरला. मग सगळेच बोलायला लागले. कुणाचे पडदे परदेशी निघाले, कुणाचं गाठोडं म्हणजे आईचं लुगडं होतं. असं वाटायला लागलं की आम्ही दोघींनी एखादं वस्तुसंग्रहालय लुटलंय.

‘‘मी माफी मागते,’’ कावेरी म्हणाली. ‘‘मला वाटलं, टाकलेलं आहे.’’

‘‘माफीनं गादीची भोकं बुजतात का?’’ शिंगटेवहिनी म्हणाल्या.

कावेरीनं मान खाली घातली. मी तिच्या हातांकडं बघितलं. मागं बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. मला एकदम वाटलं, ही पोरगी माझ्या घरातही रोज अशीच उभी असते.

मी सोसायटीच्या सभेत कधी बोलले नव्हते. आमचं काम चहा. पण उठले.

‘‘बरोबर आहे तुमचं,’’ मी म्हणाले. ‘‘ज्याची वस्तू त्याला मिळाली पाहिजे. कावेरी, ते पोतं घेऊन ये इकडं. गादी, सोफा, सगळंच आण. सगळ्यांसमोर उसवू.’’

कावेरी माझ्याकडं बघायला लागली. चाचणी पंधरवड्यावर आली होती. ‘‘आई...’’

‘‘आण म्हणते ना.’’

दोघातिघांनी ओढत सगळं मधोमध आणलं. मी कात्रीनं पोत्याची शिवण उसवली आणि एकेक कपडा वर धरून विचारायला लागले, ‘‘कुणाचा?’’ पडदे गेले. लुगडं गेलं. कुणाची तरी अर्धी विजार आली, तिचा मालक बराच वेळ उठेना. मग एक जांभळी साडी निघाली, घडीसुद्धा न मोडलेली, तिला दोन भोकं पडलेली.

‘‘अय्या, ही तर मी कावेरीला लग्नात दिली होती!’’ बाबरवहिनी ओरडल्या. ‘‘माझ्या आहेराची ही किंमत?’’

मी उत्तर देणार, तेवढ्यात शिंगटेवहिनींनी साडी हातात घेतली, काठ उलटा करून बघितला. त्यांचे डोळे बारीक झाले. ‘‘तुम्ही दिलीत? ही तर मी तुम्हाला दिली होती. तुमच्या वास्तुशांतीला. हा काठावरचा डाग माझ्याच घरी पडलाय.’’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘डाग पडल्यावर दिलीत होय?’’

सतरंजीवर बराच वेळ कल्ला झाला. तो शमल्यावर आमचे हे उठले. तीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर, पण त्यांच्या डोळ्यांत तशी चमक मी कधी बघितली नव्हती.

‘‘सभासदहो,’’ हे म्हणाले, ‘‘उपविधीप्रमाणं सामायिक जागेत खासगी सामान ठेवता येत नाही. आजवर हे सामान बेवारस होतं, त्यामुळं माझा नाइलाज होता. आता देवाच्या कृपेनं सगळ्याचे मालक सापडले. तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं सामान आत्ताच्या आत्ता आपल्या घरात न्यावं. जे पोत्यात गेलं नव्हतं, तेसुद्धा. इथं परत ठेवलं तर सोसायटी ते भंगारात काढील, भावनांसकट.’’

गादीला आठवण म्हणून बसलेल्या बाईला ती नको कशी म्हणता येईल? शिंगटे नवरा-बायको गादी उचलून जिन्यानं निघाले. लिफ्टमध्ये ती मावत नव्हती. प्रत्येक पायरीला भोकांतून कापूस गळत होता. बाबरसाहेबांचा अस्सल सागवानी सोफा पहिल्या मजल्याच्या वळणावर असा काही अडकला की वर जाईना की खाली येईना. निकमसर खोक्यांचे तुकडे छातीशी धरून गेले. दुपारपर्यंत पार्किंगची फरशी दिसायला लागली. ती निळी होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. हे तिथं मधोमध उभे राहून कितीतरी वेळ फरशीकडं बघत होते.

वर आल्यावर कावेरी म्हणाली, ‘‘बरं झालं, आई. पार्किंग मोकळं झालं.’’ आणि आत जाऊन तिनं धनुष्याची पेटी पलंगाखाली सरकवली. बस, तेवढंच. मला वाटलं होतं निदान रडेल. मी भिंतीपलीकडून कान देऊन होते, पण काही ऐकू आलं नाही.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. शिंगटेवहिनी.

‘‘शालनताई, कुणाला सांगू नका,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘ती गादी तुमच्या कावेरीला चालत असेल तर न्या बाई. आमच्या ह्यांना शिंकांनी जीव नकोसा झालाय.’’

‘‘अहो, पण मामंजींची आठवण?’’

‘‘आठवण मनात असते हो, शालनताई.’’

पाठोपाठ निकमसरांनी निरोप पाठवला, की विद्येसाठी दान केलेलं श्रेष्ठ. सोफा वळणावरच होता. सगळी सोसायटी दोन दिवस त्याच्यावर पाय देऊन चढत-उतरत होती, आणि वर गेलेला प्रत्येक माणूस बाबरसाहेबांची बेल वाजवून चौकशी करत होता. मी सगळ्यांना एकच सांगितलं, ‘‘द्या, पण स्वतः खाली आणून द्या. आणि हुक-बटणं तुम्हीच काढायची.’’

असं पोतं दुसऱ्यांदा भरलं, पहिल्यापेक्षा दुप्पट घट्ट. भिशीच्या सगळ्या बायका बोळाच्या तोंडाशी बसून ब्लाउजचे हुक काढायला लागल्या. ‘‘आमच्या पडद्यात बाण कसा गच्च बसतो बघा,’’ अशी भाषा सुरू झाली. जांभळ्या साडीला मात्र कुणी हात लावेना. शेवटी मीच ती कोंबली, तळाला.

एक दिवस बाबरसाहेब रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. म्हणाले, खेळाडूंना प्रोत्साहन म्हणून सोफ्याचा फोम आम्ही दिलाय, तर पोत्यावर ‘सौजन्य : बाबर परिवार’ एवढं लिहायला काय हरकत आहे? ते लिहिल्यावर शिंगट्यांनीही लिहिलं. निकमसरांनी तर सुभाषितासह लिहिलं. पोत्यावर नेम धरायला जागा उरेना.

‘‘काका, नावं मागच्या बाजूला लिहिली तर?’’ कावेरीनं विचारलं.

‘‘मागं फक्त भिंत वाचणार,’’ बाबरसाहेब म्हणाले.

मग कावेरी नावांमधूनच सराव करायला लागली. पण दोन दिवसांत बाबरांचा ‘बा’ चाळणीसारखा झाला, तेव्हा त्यांनीच पोतं उलटं फिरवून घेतलं.

चाचणीला मी तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या जिल्ह्याचं गाव, मोकळं मैदान, कडक ऊन. मी लांब झाडाखाली डबा घेऊन बसले होते. मला गुण-बिण कळत नव्हते, पण तिचा चेहरा कळत होता. दुपारपर्यंत तो चेहरा तसाच होता, पोत्यासमोरचा, रागीट आणि छान. दुपारनंतर तो बदलला. संध्याकाळी नावं वाचली. तिच्या आधीच्या मुलीपर्यंत वाचली आणि कागद मिटला.

एसटीत ती खिडकीशी बसली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘सॉरी आई.’’

जशी काही माझी एखादी वस्तू तिच्या हातून फुटली होती.

इकडं बाबरसाहेबांनी अभिनंदनाचा फलक आधीच करून आणला होता. त्याच्यावर त्यांचा फोटो मोठा आणि कावेरीचा लहान. बातमी कळल्यावर फलक गुंडाळताना ते दुकानदाराला फोनवर सांगत होते, ‘‘माझा फोटो तसाच राहू दे. खालचं बदलता येईल, पुढं काहीतरी असतंच.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी ते यांना भेटायला आले. ‘‘नलवडे, आता चाचणी झालीच आहे. मागचं ते सगळं काढून टाकायला हरकत नाही ना?’’

‘‘काहीच हरकत नाही,’’ हे म्हणाले. ‘‘सोफा वर न्यायला किती माणसं बोलावू?’’

बाबरसाहेबांनी जिन्याच्या वळणाकडं बघितलं. ‘‘राहू द्या. घाई काय आहे,’’ म्हणाले आणि गेले.

पोतं राहिलं. पुढं कितीतरी वर्षं राहिलं, फाटलं की भरत राहिलो. कावेरी दोन वर्षांनी राज्याच्या संघात गेली, आता तिच्याकडं शिकायला मुली येतात, आणि त्या मुलींच्या आया हुक काढत बसतात. पण मला तो सगळा इतिहास आठवतो तेव्हा संघ-बिंघ आठवत नाही. मला चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात झालं ते आठवतं.

कावेरी चपात्या लाटत होती. सकाळपासून दोनतीन बायका येऊन गेल्या होत्या, घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करून. मलाही काहीतरी बोलायला पाहिजे असं वाटलं. मी म्हणाले, ‘‘जाऊ दे गं. नशिबात नव्हतं.’’

लाटणं थांबलं.

‘‘नशीब?’’ ती म्हणाली. ‘‘नशीब कुठलं आलं त्यात? कोपर पडलं माझं! दुपारनंतर हात भरून आला आणि कोपर खाली यायला लागलं. मला कळत होतं, तरी पडत होतं. त्याला नशीब म्हणू नका!’’

‘‘बरं, नाही म्हणत.’’

‘‘आणि लगेच बरं म्हणू नका!’’ तिनं लाटणं पोळपाटावर आपटलं. ‘‘सगळ्याला आपलं बरं! आमटीत मीठ विसरले तरी बरं, उशिरा आले तरी बरं! मला कळायचं कसं, तुम्हाला राग येतोय का काय होतंय ते?’’

माझ्या अंगातून काहीतरी सरसरत वर आलं.

‘‘आणि तू गं?’’ मी म्हणाले. ‘‘तू तरी कधी बोललीस? मी दिलेला चहा रोज बेसिनमध्ये ओततेस, मला दिसत नाही का?’’

‘‘कारण त्यात साखरेचा पाक असतो, चहा नसतो!’’

‘‘या घरात सगळे तसाच पितात!’’

‘‘म्हणून बाबांना गोळ्या चालू आहेत!’’

‘‘माझ्या नवऱ्याच्या गोळ्या काढू नकोस! आणि उद्यापासून तुझं कोपर पडलं ना, तर मी खुर्चीवरून ओरडून सांगणार!’’

‘‘सांगाच!’’

‘‘सांगणारच! अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगणार!’’

दोघींनाही धाप लागली होती. तव्यावरची चपाती करपून धूर निघत होता, आणि ती उलटायची कुणी, यावरून ‘तुम्ही बसा, तू बस’ मात्र झालं नाही. तिनं ती हातानंच उचलून फेकली, बोट भाजलं, आणि मी तिचा हात ओढून नळाखाली धरला. तिचं नाक लाल झालं होतं. मग ती रडायला लागली, माझ्या खांद्यावर, पिठाच्या हातांनी माझा पदर धरून.

तेवढ्यात दार ढकलून शिंगटेवहिनी आत आल्या. सांत्वनाला आल्या होत्या, हातात वाटीभर शिरा. जिन्यापासून सगळं ऐकलं असणार, कारण चेहरा दिवाळीसारखा उजळला होता.

‘‘भांडण चाललंय वाटतं?’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘मी नंतर येऊ का?’’

‘‘नंतर कशाला? या, बसा,’’ मी म्हणाले. ‘‘झालं एकदाचं.’’ आणि पदर कावेरीच्या हातून सोडवत तिला सांगितलं, ‘‘चहा टाक गं. तुझ्या कपात साखर घालू नकोस.’’